वसतिगृहातील बिनतारी जाळे आणि विद्यार्थ्याचा संगणक

कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडगंची हे गाव लागते. दत्तसंप्रदायातील भाविकांस ह्या गावाचे नाव नवे नाही. गाणगापूरच्या श्रीनृसिंह सरस्वतींचे शिष्य सायंदेव हे ह्या गावचे, आणि त्यांच्याच वंशातील सरस्वती गंगाधर ह्यांनी सुमारे पाचशे वर्षांपूर्वी 'गुरुचरित्र' हा ग्रंथ मराठीत रचला, अशी परंपरा आहे. कन्नड मुलखात मराठी ग्रंथ सिद्ध व्हावा, ह्यात ह्या सीमाभागाचा स्वभावच दिसून येतो. अलीकडच्या काळात ह्या गावास दुसरी ओळख लाभली आहे. २००९ साली संसदेने केलेल्या कायद्यान्वये कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ स्थापन झाले. आरंभी त्याची सोय गुलबर्गा विद्यापीठाच्या आवारात करण्यात आली होती. पुढे कडगंची येथील काळ्या जमिनीच्या विस्तीर्ण माळावर त्याचे स्वतःचे आवार उभे राहिले. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवीवर्गांचे प्रवेश देशव्यापी सामायिक परीक्षेतून होऊ लागले, त्यामुळे ह्या आवारात दूरदूरच्या प्रांतांतील मुले येतात. आळंद, भालकी, औराद, उमरगा, अक्कलकोट ह्या पट्ट्यातील मराठी बोलणाऱ्या घरांना तर हे विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे.

गावाबाहेर असलेल्या अशा आवारात विद्यार्थ्याचे अर्धे शिक्षण वसतिगृहात होते. ग्रंथालयातील नियतकालिके, 'स्वयम्' ह्या केंद्र शासनाच्या योजनेतील पाठ, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे शुल्क, निकाल, इतकेच नव्हे तर भोजनालयाच्या सूचनादेखील आज संगणकाच्या पडद्यावरच येतात. घरून ट्रंक, गादी आणि एक संगणक घेऊन आलेल्या मुलास पहिल्या संध्याकाळी जी अडचण पडते, ती बहुधा एकच असते : 'वायफाय लागत नाही.' शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख जवळ आलेली असताना हीच अडचण आली, तर तिची किंमत त्या घराच्या वर्षभराच्या खर्चाएवढी असू शकते. म्हणून ह्या विषयाची माहिती विद्यार्थ्यांस, त्यांच्या पालकांस आणि विशेषतः त्यांना घरून पाठविणाऱ्या शिक्षकांस असावी, ह्या हेतूने हा पाठ दिला आहे.

हे जाळे चालते कसे

विद्यापीठाच्या आवारात येणारा मुख्य दुवा काचतंतूंच्या केबलीचा असतो. २००९ साली केंद्र शासनाने माहिती व संपर्क तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान हाती घेतले, आणि मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जालास मंजुरी दिली. देशातील विद्यापीठे व संशोधनसंस्था अतिवेगवान दुव्यांनी परस्परांस जोडणे, हा त्यामागील उद्देश होता. आवारात आलेला हा प्रवाह संगणक केंद्रातून इमारतींकडे जातो आणि प्रत्येक मजल्यावर भिंतीस किंवा छतास लावलेल्या लहान पांढऱ्या पेट्यांपर्यंत पोहोचतो. ह्या पेटीस ॲक्सेस पॉइंट म्हणतात. तारेचा प्रवास येथे संपतो. पेटीपासून विद्यार्थ्याच्या संगणकापर्यंतचे शेवटचे वीसपंचवीस हात रेडिओलहरी पार करतात.

विद्यापीठ आणि बिनतारी जाळे ह्यांचा संबंध जुना आहे. हवाई विद्यापीठाने १९७१ साली तेथील बेटांवरील संगणक रेडिओद्वारे जोडले, तो ह्या विद्येचा आरंभ मानतात. आज आपण वापरतो त्या पद्धतीचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले आणि 'वायफाय' हे नाव १९९९ मध्ये रूढ झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा लहरीपट्टा २००५ साली परवान्यावाचून खुला झाला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरील बंधने २०१८ मध्ये बरीच सैल करण्यात आली. ह्या दोन पट्ट्यांतील भेद विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २.४ चा पट्टा दूरवर जातो, भिंतीतून पार होतो. पण त्यात गर्दी फार. एकमेकांस अडथळा न करणारे मार्ग त्यात तीनच निघतात, ते म्हणजे पहिला, सहावा आणि अकरावा. ५ चा पट्टा वेगवान व मोकळा. परंतु विटांच्या दोन भिंती मध्ये आल्या की तो थकतो. घरातील थोरल्या भावाचा जुना संगणक धाकट्याकडे आला असेल, तर त्यास केवळ २.४ चाच पट्टा दिसत असण्याचा संभव आहे. शेजारच्या मुलाचा संगणक वेगाने चालतो आणि आपला चालत नाही, ह्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

आणखी एक गोष्ट. एका पेटीवर एका मार्गाने बोलणारे सर्व संगणक एकाच वेळी बोलू शकत नाहीत. ग्रामसभेत जसा एकाने बोलावयाचे व इतरांनी थांबावयाचे असा शिरस्ता असतो, तसाच येथेही असतो. शिवाय जो दूर बसला आहे त्याचा आवाज अस्पष्ट असल्यामुळे त्यास तेच बोलणे सावकाश व पुनःपुन्हा करावे लागते, आणि तेवढा वेळ सर्वांचाच जातो. रात्री नऊ ते बारा ह्या वेळात वसतिगृहातील वेग मंदावतो, त्याचे मूळ येथे आहे. मोठ्या फाइली पहाटे उतरवून घ्याव्यात, हा सल्ला जुन्या विद्यार्थ्यांकडून नव्यांस मिळतो. तो शास्त्रास धरूनच आहे.

जोडणीचे दोन प्रकार

वसतिगृहांत साधारणतः दोन पद्धती आढळतात. आपल्या आवारात कोणती आहे, हे संगणक केंद्राच्या सूचनापत्रिकेवरून कळते. ती पत्रिका हीच अंतिम समजावी. मित्राने सांगितलेली युक्ती त्यापुढे प्रमाण नव्हे.

पहिली पद्धत प्रवेशपृष्ठाची. जाळ्याचे नाव निवडताच जोडणी होते. पण पुढे काहीच उघडत नाही. प्रथम एक पृष्ठ समोर यावे लागते, त्यावर नाव व परवलीचा शब्द, ज्यास सर्वजण पासवर्ड म्हणतात, तो भरावा लागतो, आणि मगच दार उघडते. पुष्कळांची गाडी येथे अडते, कारण हे पृष्ठ आपोआप येतच नाही. ह्याचे कारण असे की, आजची बहुतेक संकेतस्थळे कुलुपबंद जोडणी मागतात, आणि कुलुपबंद जोडणी मध्येच अडवून दुसरीकडे वळविणे जाळ्यास शक्य नसते. अशा वेळी सूचनापत्रिकेत दिलेला प्रवेशपृष्ठाचा पत्ता स्वतः टंकित करावा. संगणकात किंवा दूरध्वनीत व्हीपीएन किंवा खाजगी डीएनएस चालू असेल, तर ते प्रवेश मिळेपर्यंत बंद ठेवावे. नव्वद टक्के काम झाल्यासारखे दिसते आणि दार मात्र बंद राहते, त्याचे कारण बहुधा ह्या दोहोंपैकी एक असते.

दुसरी पद्धत अधिक शिस्तीची आहे. तीत जाळ्याचे नाव निवडतानाच संगणक विद्यार्थ्याचे नाव व परवलीचा शब्द विचारतो, आणि आवारातील एक मध्यवर्ती यंत्र ते तपासून मगच प्रवेश देते. प्रत्येकाची जोडणी स्वतंत्र किल्लीने कुलुपबंद होते. त्यामुळे त्याच खोलीतील दुसऱ्याचे लक्ष आपल्या कामावर जाऊ शकत नाही. ह्याच पद्धतीवर 'एज्युरोम' ही आंतरराष्ट्रीय सोय उभी आहे. तिची कल्पना २००२ साली नेदरलंडमध्ये निघाली. भारतात तिची व्यवस्था अर्नेट इंडिया ही संस्था पाहते. तिच्यात सहभागी असलेल्या एका संस्थेचा विद्यार्थी सहभागी असलेल्या दुसऱ्या संस्थेत गेला, तर आपल्याच मूळ संस्थेच्या नावाने व परवलीच्या शब्दाने त्यास तेथे प्रवेश मिळतो. मात्र नावापुढे आपल्या संस्थेचा पत्ता जोडावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रवेशपृष्ठापेक्षा ही पद्धत सर्वच दृष्टींनी श्रेष्ठ आहे. पहिल्या दिवशी ती दहा मिनिटे अधिक खाते, पुढे चार वर्षे त्रास देत नाही.

प्रत्यक्ष कृती अशी. विंडोज असलेल्या संगणकात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील लहरींच्या चिन्हावर दाबावे, यादीतून विद्यापीठाच्या जाळ्याचे नाव निवडावे, नाव व परवलीचा शब्द लिहावा. यादीत नाव नसेल, तर विमानप्रवासाची स्थिती चालू आहे काय ते पाहावे. काही संगणकांच्या वरच्या ओळीतील एका कळीवर चुकून बोट पडले तरी रेडिओ बंद होतो. लहरींचे चिन्हच नाहीसे झाले असेल, तर बिनतारी कार्डाची चालक-आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, नाही असे समजावे. दुकानातून नव्याने विंडोज भरून आणलेल्या संगणकात असे वारंवार घडते. ह्या स्थितीत दूरध्वनी यूएसबी तारेने जोडून त्यातील इंटरनेट संगणकास द्यावे आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ती आज्ञावली उतरवून घ्यावी.

अँड्रॉइड दूरध्वनीत अधिक तपशील विचारला जातो. तेथे पद्धत म्हणून पीप, दुसऱ्या टप्प्यासाठी एमएसचॅप आवृत्ती दोन, आणि प्रमाणपत्राच्या जागी 'यंत्रणेतील प्रमाणपत्रे' हा पर्याय निवडून खाली विद्यापीठाच्या यंत्राचे नाव लिहावे, अशी सूचना सामान्यतः आढळते. आपल्या पत्रिकेत वेगळे दिले असल्यास अर्थातच तसे करावे. पडद्यावरील शब्द इंग्रजीत असल्यामुळे मराठी माध्यमातून आलेली मुले येथे बुजतात. तसे बुजण्याचे कारण नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही ह्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसतो.

प्रमाणपत्राचा प्रश्न

पहिल्या जोडणीच्या वेळी संगणक विचारतो की, समोरच्या यंत्राचे प्रमाणपत्र असे असे आहे. पुढे जावे काय? बहुतेक विद्यार्थी न वाचता 'होय' म्हणून मोकळे होतात. संपूर्ण पाठात येथेच सर्वांत अधिक सावध राहावे लागते, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

जाळ्याचे नाव ही केवळ पाटी होय. ती कोणीही लावू शकतो. एखाद्याने आपल्या दूरध्वनीच्या हॉटस्पॉटला विद्यापीठाच्या जाळ्याचेच नाव दिले, तर ते शेजाऱ्याच्या यादीत हुबेहूब तसेच दिसते. थोडी अधिक साधने असलेला मनुष्य नाव व परवलीचा शब्द मागणारे खोटे यंत्रही उभे करू शकतो. आपला संगणक त्या यंत्रास खरे समजला, तर जी गुप्त देवघेव होते तीवरून परवलीचा शब्द उलगडून काढणे त्यास शक्य होते, आणि शब्द लहान व सोपा असेल तर फारच लवकर. पुष्कळ ठिकाणी तोच शब्द विद्यार्थ्याच्या पत्रपेटीस, शुल्काच्या खात्यास आणि निकालासही चालतो. एवढे सर्व त्या एका 'होय' ने हातचे जाते.

गावात वसुलीस आलेल्या अपरिचित इसमास आपण प्रथम ओळखपत्र विचारतो, आणि मग रक्कम देतो. प्रमाणपत्र हे तसेच ओळखपत्र आहे. त्यावरील यंत्राचे नाव सूचनापत्रिकेतील नावाशी ताडून पाहावे. जुळले तर पुढे जावे, न जुळल्यास थांबून संगणक केंद्रास विचारावे. 'प्रमाणपत्र तपासू नका' असा पर्याय पूर्वी अँड्रॉइडमध्ये सर्रास निवडला जात असे. तो अकराव्या आवृत्तीपासून, २०२० च्या अखेरीच्या सुधारणेनंतर, काढून टाकण्यात येऊ लागला. त्यामुळे 'जुन्या दूरध्वनीवर लागते, नव्यावर लागत नाही' अशी तक्रार येते. दोष नव्या दूरध्वनीचा नसतो. जुना दूरध्वनी आजवर डोळे मिटून चालत होता, इतकेच.

प्रमाणपत्रासंबंधी एक लहानसा पण हमखास अडविणारा मुद्दा घड्याळाचा आहे. प्रत्येक प्रमाणपत्रास मुदत असते. संगणकातील बारीक विद्युत्घट संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि संगणकाच्या हिशेबी ते प्रमाणपत्र अद्याप जन्मासच आलेले नसते! म्हणून सर्व काही बरोबर असूनही जोडणी होत नसेल, तर प्रथम तारीख व वेळ पाहावी.

जोडणी आहे, पण इंटरनेट नाही

जाळ्यात आलेल्या प्रत्येक संगणकास एक अंकी पत्ता दिला जातो. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली असता तो दिसतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर जाळ्याने पत्ता दिलाच नाही आणि संगणकाने स्वतःच एक तात्पुरता धारण केला, असा अर्थ होतो. अशा वेळी जोडणी 'विसरून' पुन्हा करावी. तरीही तसेच राहिले आणि सबंध मजल्यावर हीच तक्रार असेल, तर संगणक केंद्रास कळवावे. 'नेट नाही' एवढेच न कळविता खोली, वेळ आणि दिसलेला पत्ता कळविला, तर तेथील कर्मचाऱ्यांचे अर्धे काम होते.

आणखी एक प्रकार नव्या यंत्रांमुळे उद्भवला आहे. काही विद्यापीठे प्रत्येक विद्यार्थ्याच्या यंत्राचा कायम क्रमांक, म्हणजे मॅक पत्ता, नोंदवून घेतात. परंतु २०१९ च्या अँड्रॉइड दहापासून आणि २०२० च्या आयओएस चौदापासून दूरध्वनी आपला खरा क्रमांक न सांगता जाळ्यागणिक बनावट क्रमांक सांगतात. बाजारात, स्थानकावर आपला माग कोणी काढू नये, ह्यासाठी ती योजना उत्तम आहे. मात्र नोंदणी असलेल्या वसतिगृहात नोंदलेला क्रमांक व सांगितलेला क्रमांक जुळत नाहीत आणि प्रवेश नाकारला जातो. अशा ठिकाणी केवळ त्या एका जाळ्यापुरता 'यंत्राचा मूळ क्रमांक वापरा' हा पर्याय निवडावा. सर्वत्र निवडू नये.

येथे एका खोडीचा उल्लेख करणे भाग आहे. लहरी क्षीण येतात म्हणून काही विद्यार्थी घरचा राउटर आणून खोलीतील भिंतीच्या सॉकेटात जोडतात. तो चुकीच्या छिद्रात जोडला गेला, तर तो राउटर सबंध मजल्यास स्वतःच पत्ते वाटू लागतो! ज्यांना ते खोटे पत्ते मिळतात, त्यांची जोडणी दिसते पण काम चालत नाही. दोष शोधण्यास संगणक केंद्रास कित्येक तास लागतात, आणि तोवर कोणाची तरी परीक्षेची नोंदणी राहून जाते. सुव्यवस्थित जाळ्यांत ह्यास प्रतिबंध करण्याची सोय असते, पण ती सर्वत्र चालू असतेच असे नाही. लहरी क्षीण असतील, तर पलंगावर न बसता दाराजवळ बसावे, लोखंडी कपाटामागे संगणक ठेवू नये, आणि तरीही भागत नसल्यास लेखी तक्रार करावी. एका मजल्यावरच्या दहा मुलांनी मिळून दिलेला अर्ज प्रशासनास नवी पेटी बसविण्यास आधार देतो.

नाव ज्याचे, जबाबदारी त्याची

आपले नाव व परवलीचा शब्द मित्रास देणे ही वसतिगृहात मैत्रीची खूण समजली जाते. परंतु संगणकीय सुरक्षेचे राष्ट्रीय काम पाहणाऱ्या सर्ट-इन ह्या शासकीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. कोणी त्या नावाने गैरकृत्य केले, तर नोंद नावाच्या धन्याचीच निघते. उलटपक्षी, दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ क खाली तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र असा गुन्हा आहे. पैशाची फसवणूक झालीच, तर १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर विलंब न लावता कळवावे.

कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांना येथे एक विनंती आहे. बारावीचा निकाल लागल्यानंतर मुले प्रवेशासाठी निघण्यापूर्वी त्यांच्याकडून तीन गोष्टी करवून घ्याव्यात. संगणकाची विंडोज घरी किंवा शाळेत असतानाच अद्ययावत करावी, कारण ते काम वसतिगृहात पहिल्या रात्री शेकडो मुले एकदम करू लागतात. किमान बारा अक्षरांचा, आपले वा गावाचे नाव नसलेला परवलीचा शब्द रचून तो न पाहता टंकित करण्याचा सराव करावा. मोठी लिपी व लहान लिपी ह्यांतील घोटाळ्यानेच अनेकांचे खाते पहिल्या दिवशी बंद पडते. आणि शिष्यवृत्तीस लागणारी उत्पन्नाची, जातीची व रहिवासाची प्रमाणपत्रे संगणकात आधीच उतरवून ठेवावीत. सीमेपलीकडच्या मुलांना ही कागदपत्रे महाराष्ट्रातील आपले सरकार सेवा केंद्रातून घ्यावी लागतात. कडगंचीस पोहोचल्यावर त्यासाठी परत गावी जाणे म्हणजे दोन दिवसांचा खोळंबा. ग्रामपंचायतींनीही जून-जुलैच्या दिवसांत आपल्याकडील संगणक व जोडणी अशा मुलांना दोन तास वापरू दिली, तर खर्च काहीच येणार नाही.

अर्ज भरताना वसतिगृहाच्या जाळ्यावरच विसंबून राहू नये. उन्हाळ्यात व वळवाच्या पावसात ह्या भागात वीज जाते. वीज गेली की पेटी बंद होते, जरी संगणकाचा विद्युत्घट चालू असला तरी. दूरध्वनीचा हॉटस्पॉट सुरू करण्याची कृती आधी एकदा करून पाहिलेली असावी, आणि शेवटच्या तारखेच्या चार दिवस अगोदर अर्ज दाखल करून पोचपावती जतन करावी.

शिक्षण संपवून वसतिगृह सोडताना खोलीची किल्ली परत करण्याची आठवण सर्वांना असते. त्याच दिवशी संगणक केंद्रात जाऊन आपल्या यंत्रांची नोंद रद्द करून घ्यावी, पत्रपेटीतील आवश्यक कागद स्वतःच्या खाजगी पत्त्यावर उतरवून घ्यावेत, आणि जुना संगणक किंवा दूरध्वनी विकावयाचा अगर धाकट्या भावंडास द्यावयाचा असल्यास त्यातील विद्यापीठाच्या जाळ्याची नोंद प्रथम पुसून टाकावी.